बियासन्याच्या दिवशीची गाठ

आपल्या पोटाचा निर्णय दुसऱ्या कुणी घेतलेला वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या भंवरीबाईंना मुळीच खपत नसे. म्हणून साठी उलटल्यावर त्यांनी वर्षीतप धरला, तो कुणाला न विचारता. मुलाला, अर्पितला, ते कळलं पहिल्या उपासाच्या दुपारी, ताट परत गेल्यावर.

वर्षीतप म्हणजे जैनांचं व्रत, तेरा महिने एकाआड एक उपास. उपासाच्या दिवशी फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेतो. दुसरा दिवस बियासन्याचा. त्या दिवशी दोनदाच जेवायचं, आणि एकदा बसलं की जेवण संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. भंवरीबाईंना यात काही जड नव्हतं. किराणा दुकानाच्या गादीवर बसल्या की त्या तशाही कुणासाठी उठत नसत.

दिवाळी झाली आणि उजव्या जबड्याखाली गाठ आली. लहान लिंबाएवढी. ना दुखणं, ना ठणका, ना ताप. "दुखत नाई मनजे काई नसन, मम्मीजी," असं सून रिंकू म्हणाली आणि आत जाऊन ओढणीत तोंड खुपसून रडली. तिच्या मामांची गाठही दुखत नव्हती, आणि मामा वर्ष काढू शकले नव्हते. हे भंवरीबाईंनाही ठाऊक होतं. त्या घाबरल्या. उगाच कशाला खोटं सांगा, चांगल्याच घाबरल्या.

अर्पित त्यांना वाशीमला कान-नाक-घशाच्या डॉक्टर योगिनींकडे घेऊन गेला. आता घरचा शहाणपणा बघा. बियासन्याच्या दिवशी आईची दोन जेवणं सांभाळावी लागतात, म्हणून गावाला जायचं ते उपासाच्या दिवशी, असा या घराचा नियम. डॉक्टरांनी मान चाचपली, तोंड बघितलं. गाठ हाताला लागेना. लागणार कशी, ती तिथं नव्हतीच. "पुन्हा आली तर लगेच या," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वरणाचा दुसरा घास घेतला आणि लिंबू जबड्याखाली हजर.

दोनदा असंच झालं. गाडी केली, रांगेत बसले, आणि गाठ गायब. दुसऱ्या खेपेला परतताना अर्पित गाडीत म्हणाला, "आई, तुया मनाचा खेळ तर नाई ना हा?"

मालेगाव आलं तशा भंवरीबाई उतरून सरळ दुकानाच्या गादीवर जाऊन बसल्या.

घरात मात्र उलगडा झाला होता, तो थोरले दीर केशरीचंद यांना. गावातल्या जैन स्थानकाचे, म्हणजे धर्मसभेच्या जागेचे, अध्यक्ष म्हणजे उलगडा होणारच. उपासाच्या दिवशी गाठ नसते, खाल्लं की येते. मग याचा अर्थ काय? तपाचा प्रभाव! त्यांनी अर्पितकडून निरोप धाडला. भंवरीनं आता एकाआड एक सोडून तेला करावा, सलग तीन उपास. गाठ मुळासकट जाईल. बायाबापड्या येऊन भंवरीबाईंच्या पाया पडू लागल्या. एकीनं तर गाठीलाच हात लावून नमस्कार केला.

"गाठीच्या पाया काहून पडून राह्यली व?" भंवरीबाई कडाडल्या. "उद्या तिलेच गादीवर बसवशीन."

त्या चिडल्या होत्या, पण चिडून डोकं बंद पडणाऱ्यांपैकी नव्हत्या. चाळीस वर्षं त्यांनी दुकानात बसून एकच काम केलं होतं. कुठला माल कधी हलतो आणि कधी अडतो, याच्यावर नजर ठेवायची. त्यांनी गाठीवर नजर ठेवली. चालल्यानं ती वाढत नव्हती, बोलल्यानंही नाही. नुसती पोळी खाल्ली तर थोडी, आंबट वरण खाल्लं तर टरारून. दोन-तीन तासांनी आपोआप ओसरायची. तोंडाला पाणी सुटलं की गाठ फुगते, एवढं पक्कं झालं. पुढचं डॉक्टरांनी सांगायचं.

मग त्यांनी बियासन्याच्या दिवशी सकाळी डबा भरला. फुलके, आमचूर घातलेलं मुगाचं वरण, उकळलेल्या पाण्याची बाटली.

"कुठी चालली?" अर्पितनं विचारलं.

"वाशीमले. तुमी नेता तवा गाठ घरी राह्यते. आज मी तिले घिऊन चालली."

एसटीनं त्या एकट्या गेल्या. नंबर आला तशी डॉक्टर योगिनींच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि टेबलावर डबा उघडला. कंपाउंडर धावत आला, "ओ आजी, उठा, इथी जेवाचं नाई!"

"आता उठता येत नाई, बापू. बियासना हाय. उठली का जेवण संपलं." आणि वरणात बुडवलेला घास त्यांनी तोंडात घातला. "डॉक्टरीणबाई, मले मनाचा खेळ सांगून राह्यले. तुमी पहा खेळ."

चौथ्या घासाला गाठ वर आली. डॉक्टर खुर्चीवरून उठल्या. हातमोजा घालून एक बोट जिभेखाली, दुसरा हात जबड्याखाली, असं त्यांनी दाबून पाहिलं आणि हसल्या.

"दुखत नाही म्हणून गाठ साधीच असते असं नाही, आणि वाईटच असते असंही नाही," त्या म्हणाल्या. "किडलेल्या दातामुळे येते, गंडमाळ असते, चरबीची असते. लाळेच्या ग्रंथीत खरी गाठ धरते, ती कधी साधी, कधी कॅन्सरची. म्हणून तपासल्याशिवाय कुणीच बोलू नये. पण जेवणाला फुगते आणि मग ओसरते, तिथं बहुधा लाळेची वाट अडलेली असते. तुमच्या वाटेत खडा लागतोय हाताला."

सोनोग्राफीत खडा दिसला, दुसरं काही नव्हतं. आठवड्यानं जागा बधिर करून डॉक्टरांनी तो तोंडातूनच काढला. ज्वारीच्या दाण्याएवढा. म्हणाल्या, "पाणी कमी पडतंय तुम्हाला. उपास सोडा."

"पाणी दिवसभर पिते, सांगान तेवढं. तपासाले बी येते," भंवरीबाई म्हणाल्या. "खडा तुमी काढला, उपकार झाले. उपास माया हाय."

अक्षय तृतीयेला स्थानकात पारणं होतं. पारण्याचा उसाचा रस द्यायचा मान केशरीचंदांचा. एका हातात रसाचा पेला आणि दुसऱ्या हातात माईक घेऊन त्यांनी सांगितलं, भंवरीबाईंच्या तपानं जबड्याची गाठ विरघळली, दवाखान्याला जे उमगलं नाही ते तपानं केलं.

थोरल्या दिरासमोर त्या घरातल्या सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. भंवरीबाई उठल्या, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि माईक त्यांच्या हातातून काढून घेतला.

"गाठ तपानं गेली नाई. वाशीमच्या डॉक्टरीणबाईनं तोंडातून खडा काढला. ज्याले गाठ असन, दुखो का न दुखो, त्यानं दवाखान्यात जावं. अन् गाठ जवा दिसते तवा जावं." सभेत रिंकू मोठ्यानं हसली आणि मग तिनंच ओढणी तोंडावर धरली. "अन् अजून एक. मी तप औषध मनून नाई केलं. गाठ राह्यली असती तरी केलं असतं, गाठीनं मेली असती तरी केलं असतं. ते मायं हाय. त्याच्यातून दवा काढू नका."

भंवरीबाईंनी माईक खाली ठेवला आणि केशरीचंदांच्या हातातल्या पेल्याकडे बोट केलं.

"द्या आता रस, जेठजी," त्या म्हणाल्या. "तेरा महिने झाले. मले भूक लागली."