त्या वेताचा खरवस
खरवसाचा वास आला की निजामाच्या राज्यातलं आमचं पिंगळीचं घर आठवतं, आणि तिथं गाय व्याली तरी न झालेला खरवस. मला सातवा महिना लागला होता. भर दुपारी गाय व्याली आणि सासूबाई गोठ्याच्या दारात पदर पसरून उभ्या राहिल्या. "आत जाय, बघू नको," त्या ओरडल्या. पण मी बघितलं होतं. मेलेल्या वासराचं डोकं फुगलेलं होतं, कपाळाला हाडच नव्हतं, पाणी भरलेल्या पखालीसारखं ते हलत होतं. सासऱ्यांनी वासरू घोंगडीत गुंडाळून नेलं, आणि खरवसाचा चीक मातीत ओतला. सासूबाई पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलल्या, तेवढं मला भिंतीआडून ऐकू आलं. माझं लेकरू जन्मलं तेव्हा पोरगा की पोरगी हे न विचारता त्यांनी आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मधोमध मऊ लागताच हात तिथंच थांबला. "अवो आक्का, टाळू हाय ती, समद्याच लेकराला आसती," सुईण हसली. सासूबाई चार लेकरांच्या आई होत्या, टाळू त्यांना ठाऊक नव्हती असं थोडंच. आज पणतू मांडीवर दिला, तर माझाही हात आधी टाळूवरच गेला.