काचेपलीकडचा नकाशा

बाबांच्या हृदयाचा नकाशा काढायचं मशीन त्या दिवसापुरतं मुंबईहून टेम्पोने आलं होतं. अंबरनाथच्या त्या हॉस्पिटलात ते एरवी नसतं. डॉक्टरही त्याच्याबरोबर आले होते आणि संध्याकाळी दोघंही परत जाणार होते.

बाबा कॅम्प तीन भागातल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत. कापडाचे थर लावायचे आणि त्यातून विजेची सुरी फिरवायची. सुरी चालू असतानाच त्यांना एकदा चक्कर आली. हात थोडक्यात वाचला. शेठ म्हणाले, "मास्टर, पहले दिल ठीक कराओ, फिर मशीन को हाथ लगाओ." तेव्हापासून बाबा बदलापूरला घरी बसून होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात करंट पुढे जायच्या ऐवजी गोल फिरत राहतो, त्यामुळे ठोके पळतात, असं निघालं. डॉक्टर त्याला फ्लटर म्हणतात. त्याची वाट शोधून तिथे पायाच्या शिरेतून आत नेलेल्या तारेच्या टोकाने चटके द्यायचे, म्हणजे करंट अडतो.

"फॅमिलीत इंग्लिश कोणाला कळतं?" नर्सने विचारलं आणि आईने मला पुढे ढकललं. अनोळखी माणसांसमोर मी बोलायला बुजते, हे आईला माहीत आहे.

आत काचेच्या अलीकडे स्क्रीन होते. पलीकडे हिरव्या चादरीखाली बाबा, अर्धवट जागे. स्क्रीनवर तो कप्पा म्हणजे एक वेडावाकडा फुगा दिसत होता. तार भिंतीला जिथे टेकेल तिथे करंट कधी पोचला त्यावरून रंग भरत होता. लाल, पिवळा, हिरवा. अर्धा फुगा भरला आणि रंग थांबले.

"बंद पडलं," टेक्निशियन म्हणाला. माझा चेहरा बघून त्याने घाईने सांगितलं, "अरे, हार्ट नाही! फ्लटर बंद पडलं. नॉर्मल झालं."

"मग चांगलंच ना?" मी विचारलं.

"करंट फिरलाच नाही तर कुठून फिरतो ते कसं दिसणार?" डॉक्टर म्हणाले. "बेटा, ठोके आवरायची गोळी बंद ठेवायला सांगितली होती, ती कोणी दिली का आज?"

मी बाहेर जाऊन आईला विचारलं. ती आधी नाही म्हणाली. मग पदर चाचपत म्हणाली, "अर्धीच दिली. दह्यात. निघताना हातावर दही-साखर नको का ठेवायला? उपाशी ठेवा म्हणाले म्हणून बोटभरच. रात्रभर धडधडत होतं गं त्यांना, मला बघवेना." आणि लगेच, "काही बिघडलं का?"

"नाही," मी म्हणाले.

आत माझ्या तोंडून इंग्रजीच निघालं. "हाफ टॅब्लेट. इन कर्ड."

"आंटीने तर ट्रीटमेंटच करून टाकली," टेक्निशियन हसला. डॉक्टर हसले नाहीत.

मग त्यांनी बाबांचं फ्लटर मुद्दाम सुरू करायला घेतलं. तारेतून भराभर ठोके द्यायचे. स्क्रीनवरच्या रेघा दाटून यायच्या आणि पलीकडे बाबांची बोटं चादर घट्ट धरायची. जे थांबावं म्हणून आम्ही त्यांना इथे आणलं, तेच सुरू होण्याची वाट बघत मी उभी होते. सुरू व्हायचं, एखादा रंग चढायचा, पुन्हा बंद. काचेवर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. कोणीतरी रागावेल असं वाटलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांची एक नेहमीची जागा असते, तिथे चटक्यांची रेष मारतो." चटके दिले. मग रेषेच्या एका बाजूने ठोका देऊन दुसऱ्या बाजूला किती उशिरा पोचतो ते बघितलं, नंतर उलट्या बाजूनेही. "इथून आता जात नाही. पण दुसरी एखादी वाट असली, तर ती आज मला दिसलेली नाही. काही दिवस बघू."

मशीन खोक्यांत भरलं जात होतं तेव्हा बाबांना वॉर्डात आणलं. पाय हलवायचा नव्हता. आईने त्यांचे केस सारखे केले.

"बघितलंस माझं इंजिन?" त्यांनी मला विचारलं. "सापडलं ना बिघडलेलं?"

आई माझ्याकडे बघत होती.

"रंगीत होतं," मी म्हणाले.

"ते राहू दे गं. शेठला काय सांगू? कधीपासून येतो म्हणून?"

मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली. ती आधीच नीट होती.