पगारी हसू

आमच्या मॅडम कुठल्याही मंगल कार्यालयात शिरल्या की नवरा-नवरीकडे बघायच्या आधी दुसरं दार शोधायच्या. पहिलं दार तर आपण आत येतो ते, त्याचं त्यांना काही नव्हतं. दुसरं सापडलं की त्याला कुलूप आहे का, त्याच्यापुढे गाद्यांचा ढीग रचलाय का, हे जाऊन पाहायच्या आणि मगच जवळची खुर्ची धरून बसायच्या. एकदा यवतमाळात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी मॅनेजरला बोलावून मागच्या दाराचं कुलूप काढायला लावलं. वरमाईला वाटलं, नवरी पळवायचा बेत दिसतोय. ती अक्षता टाकायच्या सोडून त्या दाराकडेच बघत राहिली. तेव्हापासून आम्ही क्लासच्या मुली त्यांना पाठीमागे 'एक्झिट मॅडम' म्हणू लागलो.

मॅडम मूळच्या घाटंजीकडच्या. भावाकडे कपाशी आणि तूर. ऐन उमेदीची वर्षं विमानात हवाईसुंदरी म्हणून काढून त्या यवतमाळला परतल्या, ते दिवस कपाशीने जिल्ह्याला रडवण्याचे होते. रोज कुणी ना कुणी सांत्वनाला यायचं, लाल दिव्याच्या गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, कधी कधी हेलिकॉप्टर उतरायचं. आमच्या गावाने जवळून पाहिलेलं विमान म्हणजे एवढंच. अशा दिवसांत एका सरांनी, ज्यांचा आधी टायपिंगचा क्लास होता, मोबाइलच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेऊन हवाईसुंदरी घडवण्याचा क्लास काढला. मॅडम तिथे शिकवायला लागल्या आणि मी बी.कॉम. होऊन तिथे दाखल झाले.

एवढी नोकरी सोडून बाई परत का आली, हा प्रश्न गावाला छळत होता. कुणी म्हणे वजन वाढलं म्हणून काढलं, कुणी म्हणे सोनं आणताना सापडली. माझी आई कुणाची निंदा करणारी नव्हती, पण तीही म्हणायची, "काहीतरी असल्याशिवाय का कोणी आकाशातून यवतमाळात उतरतं?" बाबा सरकारी कचेरीत बाबू होते. गोल शिक्का दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. क्लासच्या पावतीवर शिक्का होता, त्यामुळे त्यांनी मॅडमची फार चौकशी केली नाही. मी मात्र करत होते. त्यांनी एकदाही स्वतःबद्दल काही सांगितलं नाही, हे मला चांगलंच खटकायचं.

वर्गात त्या वेगळ्याच बाई असायच्या. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा, मधे चालायची वाट, हातात ट्रे. इंग्रजी इतकं गुळगुळीत की आम्ही शब्द सोडून नुसता आवाज ऐकत बसायचो. त्यांचा एक खेळ होता. एका मुलीने भिंतीकडे तोंड करून विमानातली सूचना म्हणायची, बाकीच्यांनी तिच्या पाठीकडे बघत ओळखायचं की ती हसत बोलतेय की नाही. हसतेय असं वाटलं तर हात वर करायचा. आधी आमचे हात कसेही वर-खाली व्हायचे. महिनाभराने चुकेनात. तास संपला की मॅडम सँडल काढून खुर्चीवर मांडी घालायच्या आणि थेट वऱ्हाडीवर यायच्या, "पाह्यलं? हसू तोंडावर नसते, आवाजात असते. पगारी हसू असंन त अजूनच लवकर ऐकू येते. आपन तेच इकतो ना, म्हून आपल्याले कळते."

हे ज्ञान त्या वर्गापुरतं ठेवत नसत, ही खरी पंचाईत होती. बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. "या ताई, या ना," असं गोड बोलणारा भाजीवाला दिसला की त्या पुढे चालू पडायच्या. कोपऱ्यात एक म्हातारी कायम तोंड पाडून बसायची, गिऱ्हाइकावर खेकसायची, तिच्याकडेच मॅडम वांगी घ्यायच्या. म्हणायच्या, "हिले कोनाले काही पटवायचं नाही. म्हंजे वांगं चांगलं असंन." वांगी बऱ्याचदा किडकी निघायची, पण त्यांचं मत काही बदललं नाही. दूरदर्शनवर एखादा पुढारी कपाशीच्या बांधावर हात जोडून उभा दिसला की त्या डोळे मिटून नुसता आवाज ऐकायच्या आणि मान हलवायच्या.

तासाची शेवटची पंधरा मिनिटं 'खबरांची' असत. मुंबईला त्यांची एक जुनी सोबतीण हवाईसुंदरींच्या युनियनमध्ये काम करायची. तिचा दर आठवड्याला फोन यायचा आणि तो सगळा मॅडम आमच्यापुढे ओतायच्या. कुठल्या कंपनीने दोन फेऱ्यांमधली विश्रांती कमी केली, कुठे रात्री घरी सोडायची गाडी बंद झाली, परगावच्या मुक्कामाचा भत्ता कसा कापला, बाळंतपणाच्या रजेत कोणाला काय मिळालं. आम्हाला लिपस्टिक कोणती लावायची ते हवं असायचं. आम्ही जांभया द्यायचो. सर दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "मॅडम, मुली घाबरतात हो अशानं." मॅडम म्हणायच्या, "घाबरू द्या. घाबरलेली पोरगी वाचून सही करते."

आमच्यातली एक जण एकदा म्हणाली, म्हणजे युनियन आपल्या बाजूची ना मॅडम? त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने उकळत्या तेलात हात घातलाय. "हो माय, आपल्या बाजूचीच. पन तिच्यावर बी डोया ठेवजो. मीटिंगले जाजो, मागं बसून ऐकजो, काहून झालं ते इचारजो. ते बी मानसंच हायत."

मला तेव्हा दाट संशय होता की ही बाई आपल्याला विमानात बसूच देणार नाही. स्वतःची नोकरी गेली, आता आमची होऊ नये म्हणून ही सगळी भीती. मी हे घरी बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, मला आधीच वाटलं होतं.

मग पांढरकवड्याला कृषी प्रदर्शन भरलं. एका बियाण्याच्या कंपनीच्या स्टॉलवर आम्ही युनिफॉर्ममध्ये उभं राहून पत्रकं वाटायची, असं सरांनी परस्पर ठरवलं. मुलींना सराव, क्लासची जाहिरात आणि वर जेवण. आम्ही खुशीत होतो. बैलगाड्यांतून, जीपमधून माणसं आली होती, आमच्याकडे बघून लाजत पत्रक घेत होती. मॅडम थोडा वेळ आमच्यामागे उभ्या राहिल्या आणि मग कंपनीच्या माणसाला म्हणाल्या, "हे बी उगवलं नाही त शेतकरी कोनाले इचारीन?" तो म्हणाला, कंपनी आहे ना. "कंपनी त्याले दिसनार नाही भाऊ. त्याले ह्या पोरीचं तोंड ध्यानात राहीन." तो माणूस हसला. मॅडमनी आमच्या हातातली पत्रकं गोळा करून टेबलावर ठेवली आणि आम्हाला घेऊन सरळ बसस्टँडवर आल्या. त्या वर्षी ते बियाणं उगवलं की नाही, मला माहीत नाही. उगवलंही असेल. पण पुढच्या सोमवारी मॅडमच्या जागी नागपूरहून दुसऱ्या बाई आल्या होत्या, त्या लिपस्टिकचं फार छान शिकवायच्या.

मला नोकरी लागली ती या दुसऱ्या बाईंच्या काळात. तरी निघताना का कोण जाणे, मी एक्झिट मॅडमना भेटायला गेले. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. नेमणुकीचे कागद मागून घेतले, खिडकीपाशी नेऊन वाचले, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "पहिल्या पगारात युनियनची वर्गणी भरजो," म्हणाल्या. "मायले साडी दुसऱ्या पगाराची." मी हो म्हटलं आणि खरंच तसं केलं. आईला हे आजतागायत माहीत नाही.

काही वर्षांनी मी लग्न होऊन, दिवस राहून, सुट्टीवर यवतमाळला आले होते. आमच्या नोकरीत गरोदर मुलीला विमानात पाठवत नाहीत, तोवर तिला जमिनीवरचं काम द्यायचं असतं. युनियनने ते भांडून मिळवलेलं होतं. पण सुट्टीतच कंपनीच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. आवाज मधाळ. सध्या खाली जागा नाही, तू आत्ता राजीनामा देऊन टाक, बाळ मोठं झालं की ये, तुझी जागा कुठे जात नाही. बाबांना गहिवरून आलं. "एवढ्या मोठ्या बाईंनी आपणहून फोन केला! आमच्या साहेबांनी रिटायर होईपर्यंत कधी आपणहून फोन केला नाही." ते लगेच चष्मा लावून राजीनाम्याचा मसुदा करायला बसले. मलाही ते पटत होतं. उलट्यांनी जीव नकोसा झाला होता आणि कुणीतरी इतक्या मायेने बोलत होतं. फक्त सही करायला पेन हातात घेतलं आणि मला मॅडमनी उलटून पाहिलेली कागदांची कोरी बाजू आठवली. मी बाबांना म्हटलं, स्कूटर काढा.

मॅडमनी सगळं ऐकलं. बाबा मसुदा आणि उघडं पेन हातात धरून मधे मधे त्या बाईंच्या सौजन्याचं वर्णन करत होते. मॅडमनी मला एकच विचारलं, "हसून सांगितलं का?" मी म्हटलं, फोनवर काय कळणार? मग माझीच मला लाज वाटली. "लाव पुन्हा," त्या म्हणाल्या. "स्पीकरवर टाक." आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

बाईंनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. तेच गोड बोलणं, काळजी करू नकोस गं, नुसती औपचारिकता आहे, आपण सगळे एक कुटुंबच आहोत. मी धीर करून विचारलं, "मला परत घेणार, हे लिहून द्याल का?"  पलीकडचा आवाज आणखी गोड झाला, "तुझा विश्वास नाही का आमच्यावर?"

मॅडमचा हात वर गेला. वर्गात जायचा तसाच, सरळ. त्या वळल्या नाहीत, फोन बंद होईपर्यंत हात वरच ठेवून बसल्या. बाबा एकदा त्या हाताकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खेळ माहीत नव्हता.

मग मॅडम वळल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं बोलल्या. "माह्या वेळी फोनवर नव्हतं. समोर बसून, माहा हात हातात घेऊन सांगितलं. हेच सांगितलं. मी लिहून देल्लं. पुढं लेकरू बी राह्यलं नाही अन् नोकरीवर बी कोनी बोलावलं नाही. घर बी मोडलं मंग." मग म्हणाल्या, "मले सांगनारी ती बाई माही मैत्रीन होती. नवी आली तवा तिले हसनं मीच शिकवलं होतं. मले कळलं नाही, पोरी. मलेच कळलं नाही." बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवून दिलं.

मी राजीनामा दिला नाही. युनियनला कळवलं, चार वेळा ऑफिसच्या पायऱ्या चढले, तीच बाई दर वेळी तशीच हसली. शेवटी जमिनीवरचं काम मिळालं आणि लेक झाल्यावर परत विमानात गेले. त्यानंतर दर आठवड्याला मी मॅडमना फोन करून खबरा द्यायचे. पगारवाढ झाल्याचं सांगितलं की त्या विचारायच्या, "कायच्या बदल्यात?" कशाच्याच नाही म्हटलं तर पुन्हा तेच विचारायच्या. माझ्यावरही पुरता विश्वास नव्हता त्यांचा, हे मला आवडायचं.

त्या आजारी पडल्याचं त्यांच्या भावाने कळवलं. मी नागपूरला उतरले ती युनिफॉर्मवरच यवतमाळला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मला बाहेरच गाठून सगळं सांगितलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी दाराशी थांबून तोंड पुसलं, हनुवटी उचलली आणि आत गेले. मॅडम डोळे मिटून पडल्या होत्या, एवढीशी झाली होती बाई. "दुसरं दार त्या कपाटामागं हाय," डोळे न उघडता म्हणाल्या. "पाह्यून ठेवलं मी."

मी जवळ गेले आणि त्यांनीच शिकवलेल्या आवाजात म्हटलं, "मॅडम, काही झालेलं नाही. दोन-चार दिवसांत घरी जाल."

चादरीखालून त्यांचा हात निघाला आणि हळूहळू वर गेला.

मला रडू फुटलं. इतकं की दाराशी उभी असलेली नर्स आत आली. मी तिला जायला सांगितलं, खुर्ची ओढून बसले आणि डॉक्टर बोलले ते सगळं, काही न वगळता, मॅडमना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. हात खाली आला होता, तो मी हातात धरला.