दादाच्या पेटीखालचा ट्रे

दादाच्या मधमाश्या मी घराबाहेर काढणार होते.
त्या मरत आहेत, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आज दादाला जाऊन वर्ष झालं.

प्लान्टमधून रिटायर झाल्यावर माझ्या या भावाने कुरुदच्या आमच्या घरामागे मधमाश्यांच्या तीन पेट्या ठेवल्या. दोन माइटने संपल्या.
माइट म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा लालसर किडा. माशीला गोचिडासारखा चिकटतो. मेणाच्या बंद घरात वाढणाऱ्या पिल्लांनाही शोषतो.

तिसरी पेटी टिकून होती. तिच्यात तो औषध घालेना.
मी म्हटलं, हा निव्वळ हट्ट आहे.
"मले पाहू तर दे. ह्या स्वतःच लढून राहिल्या वाटते."

पेटीखाली तो ग्रीस फासलेला पांढरा ट्रे सरकवायचा. वरून पडलेले माइट त्याला चिकटत. सकाळी चहा झाला की भिंग घेऊन बसायचा, पूर्वी शिफ्टच्या सुरुवातीला मशीन तपासायचा तसा.

एकदा तो कळकट ट्रे माझ्या ओट्यावर दिसला. मी पुष्कळ बोलले.
"पुसू नको वं मास्तरीन. तुह्या झाडूपेक्षा त्यायची सफाई कडक आहे."

का पुसायचा नाही, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन तास सांगत बसला असता.
झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली, शाळेत शिकवणारी मी. तो आयटीआय.

तो गेला, पेटी माझ्याकडे आली. मला येतं ते मी केलं. साफसफाई.
ट्रे रोज पुसला. पेटीसमोर अर्धवट वाढलेली पांढरी पिल्लं मरून पडायची, ती झाडून टाकली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलेली.

आठवड्याभरात खात्री झाली, हीही पेटी गेली.
अहिवाऱ्याच्या वासूभाऊंना फोन केला. दादाचे प्लान्टमधले सोबती, तेही माश्या पाळतात. म्हटलं, घेऊन जा, मला बघवत नाही.

त्यांनी आल्या आल्या ट्रे ओढून पाहिला.
"हा कोन पुसते?"
"मी. रोज."
"म्हणूनच तुमाले काही दिसलं नाही, ताई."

पेटी त्यांनी नेलीच नाही. चार दिवस काही पुसायचं नाही, एवढं सांगून गेले.
ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक.

पाचव्या दिवशी आले आणि दादाचं भिंग माझ्या हातात दिलं.
ट्रेवर माइट पडले होते. बऱ्याच जणांचे पाय तुटलेले.

पाय माश्यांनी तोडले होते, चावून. अंगावरचा माइट त्या ओढून काढतात. बंद घरात शिरलेला वासाने ओळखतात, झाकण फोडून ते पिल्लू बाहेर फेकतात. मग बाकीची वाचतात.
मी रोज झाडत होते त्या या लढाईच्या खुणा.

"तुमचा दादा हेच पाहून राहिला होता," वासूभाऊ म्हणाले. "राणी जपा. हिच्या पोरीही अशाच निघतीन."

निघाल्या.
या फेब्रुवारीत पेटी इतकी भरली की दोन कराव्या लागल्या. दुसरी अहिवाऱ्याला गेली.
परवा वासूभाऊंचा फोन आला, तिथेही पिल्लं बाहेर पडायला लागलीत. मेलेल्या पिल्लांची बातमी इतक्या आनंदाने आजवर कोणी दिली नसेल.

दादा, तुझं तेव्हा ऐकून घेतलं नाही. आता भिंग घेऊन रोज बसते.
तुला मनापासून नमस्कार.

आज तुझ्या फोटोसाठी सगळं घर पुसून काढलं.
ट्रे सोडून.