आधी मशीनलाच पुसा

भूकंपानंतर आमच्या गावची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. बिराजदार मॅडम तिथं गणित शिकवायला आल्या, तेव्हा मी सातवीत होते. जुन्या शाळेच्या एका खोलीला ताजा चुना मारून ‘आता इथंच वर्ग भरवा’ असं फर्मान सुटलं होतं. मॅडमनी पट्टीने भिंत खरवडली. आत हात जाईल एवढी भेग होती. “रंगाला नका पुसू, भिंतीला पुसा,” म्हणाल्या आणि आम्हाला घेऊन परत शेडमध्ये आल्या.

पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. त्यांतल्या एका बड्या क्लासात मॅडम संगणक शिकवू लागल्या आणि मीही त्यांच्या हाताखाली लागले. त्यांची शिस्त एकच होती. मशीनसमोर बसलं की काळ्या पडद्यावर आधी ‘युनेम -ए’ ही आज्ञा टाइप करायची. आपल्यात कोणती कार्यप्रणाली चालते, तिची आवृत्ती कोणती, हे मशीन स्वतःच सांगतं. ते मोठ्याने वाचल्याशिवाय धडा सुरू होत नसे. पोरं त्यांना मागून ‘नाव-गाव मॅडम’ म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

ऐन प्रवेशाच्या हंगामात संचालकांनी जुन्या मशीनींवर नव्या आवृत्तीचे स्टिकर डकवले. अहमदपूरहून आलेल्या एका पालकांनी विचारलं, “मॅडम, हे समदं नवं हाय का?”

“मला कशाला? त्यालाच पुसू की.” मॅडमनी युनेम टाइप केलं. जुनीच आवृत्ती आली. ती त्यांनी रोजच्यासारखी खणखणीत वाचली.

“ॲडमिशनच्या टायमाला हे काय करून राहिल्या मॅडम?” संचालक ओरडले. त्याच संध्याकाळी त्यांनी मॅडमना काढलं. नंतर शहरातल्या एकाही क्लासने त्यांना दारात उभं केलं नाही. तरी अर्धवट राहिलेल्या पोरांना त्यांनी घरी बोलावून शिकवलं, वर भाकरी-पिठलं खाऊ घातलं.

आज मॅडमच्या साठीच्या गौरव समितीचे अध्यक्ष कोण? तेच संचालक! आणि छापील परिचयात काय? मॅडमनी नोकरी ‘स्वेच्छेने’ सोडली! चोर तो चोर, वर शिरजोर. मशीनींवर डकवून भागलं नाही, आता माणसावरही स्टिकर? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा गौरवलेख लिहायला बसण्याआधी मी मॅडमना फोन लावला. वाटलं, त्या ‘जाऊ दे’ म्हणतील.

“मला पुसलं का कुणी?” त्या म्हणाल्या. “मला काढलं होतं. तसंच लिही.”

मॅडम, तसंच लिहिलं आहे. तुम्हाला ठणठणीत, उदंड आयुष्य लाभो. आणि सत्काराच्या दिवशी अध्यक्षांच्या आधी माईक तुमच्या हाती येवो.