धक्का लागायच्या आधी

मृगाच्या पेरणीसाठी मी अन् बायको ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. मग ती नागपूरला भावाकडं गेली अन् तिथंच तापानं मेली. लोक 'देवाघरी गेली' म्हणतात. देवाचं घर मी पाहिलेलं नाही.

तिचा धाकटा भाऊ उन्हाळ्याच्या सुटीत तिला महिनाभर न्यायला आला होता. तो नागपुरात कॉलेजात विजेचं शास्त्र शिकवी. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले, शहाणपणही तिथूनच येई. मी साफ सांगितलं, "नाई पाठवत. माह्या भाकरीचं काय?"

वाद नको म्हणून मेहुण्यानं विजेच्या कणाची गोष्ट काढली. कणाला धक्का दिला की तो हलतो, हलला की लाटा फेकतो, अन् त्या फेकण्याचा हिसका उलटा त्यालाच बसतो.

"म्हंजे तुह्या भाऊजीसारखा," ती म्हणाली. "ओरडतेत बैलावर, अन् घसा बसते त्याइचाच."

"पण बाई, गंमत पुढंच आहे. हा हिसका धरून गणित मांडलं, तर कण धक्का लागायच्या आधीच हलू लागतो! मोठमोठे शास्त्रज्ञ डोकं धरून बसलेत."

"त्यात डोकं काऊन धराचं? धक्का वळखीचा असंल त्याच्या."

मी म्हटलं, "कैच्या काई! लागल्याबिगर कोन हलते बे?"

"तुमी हलता," म्हणत तिनं एक टरफल उचललं.

पैज लागली. टरफल नाकावर आदळेपर्यंत माझे डोळे उघडे राहिले, तर ती राहणार. आधी मिटले, तर जाणार.

पहिल्यांदा मिटले. म्हटलं, वारा होता. दुसऱ्यांदा मिटले. म्हटलं, माशी होती. तिसऱ्यांदा पापण्या बोटांनी ताणून धरल्या, बाजारात बैलाचे दात पाहताना जबडा धरतात तशा. तिनं हात उगारला. मी बोटांसकट डोळे मिटले, वर ओरडलो, "लागलं!"

तिनं मूठ उघडली. रिकामी.

मेहुणा शेंगांत लोळून हसला. "भाऊजी, त्या कणाले मागाहून का होईना, धक्का भेटते तरी. तुमाले तर भेटलाच नाई!"

"फसवलं मले. पुन्हा फेक."

"आता नागपूरहून फेकीन," ती म्हणाली.

सकाळी पाहतो, तर तिची ट्रंक ठासून भरलेली.

"कवा भरली?"

"परवा."

पैज तर काल लागली होती. मेहुण्यानं तोंड उघडलं. मी म्हटलं, "चूप बे. कणाचं नाव काढू नको."

झाकण बसत नव्हतं. मी ट्रंकेवर बसलो, तेव्हा कुठं कडी लागली. रस्त्यावर खामगावची मोटार भोंगा वाजवत होती.

"उठा ना हो," ती म्हणाली.

मी आणखी थोडा बसलो.