सुरी भाईजानची, हात माझा

जुम्म्याचं, म्हणजे शुक्रवारचं, जेवण आमच्याकडे कुवेतमधल्या मिरकाबला, भाईजानांच्या फ्लॅटवर असतं. भाईजान म्हणजे माझे थोरले दीर. तिथेच, सुरमईचा तुकडा ताटात घेत मी जाहीर केलं, "मी ऑक्टोबरात अमेरिकेला जाते. एल्कच्या शिकारीला."

सगळ्यांचे हात थांबले. एल्क म्हणजे काय ते मीच सांगितलं : आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा, डोक्यावर झाडाएवढी शिंगं.

"शिकार मर्दांचा काम हाय," भाईजान म्हणाले.

"मारील ती. सुरी मी फिरवीन," माझा नवरा इकबाल घाईने म्हणाला. त्याला वाद आवडत नाहीत.

"हां, मग ठीक. बाईच्या हातचा जबीहा आपल्यात कोण खात नाय."

मी मौलानांना फोन करून विचारलेलं होतं. बाईने हलाल केलेलं चालतं, काही हरकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते मी बोलून दाखवलं. भाईजानांनी भाताचा घास मळत उत्तर दिलं, "किताबात असंल. आमच्या घरात नाय."

त्यांची बायको, खैरूनभाभी, वाटीत सोलकढी ओतत होती.  मी मात्र त्याच दिवशी ठरवलं की जे मारीन ते खाईन, आणि या घरात ते उजळ माथ्याने सांगेन.

आमची ओळख करून देते. माझं हवल्लीत शिवणकामाचं दुकान आहे, इकबाल अम्गराला लोखंडाच्या यार्डात सुपरवायझर. गाव श्रीवर्धनकडचं. माझ्या अब्बांकडे पिकाच्या राखणीची परवान्याची बंदूक होती. अकराव्या वर्षी मी दगडावर ठेवलेली बाटली पहिल्या गोळीत फोडायचे. बाराव्या वर्षी अब्बा म्हणाले, "आता बस झालं," आणि मला शिवणाच्या क्लासला घातलं. चाळीस वर्षं मी सुईत दोरा ओवते आहे, त्यामुळे नेम बाकी शाबूत राहिला.

दोन वर्षांपूर्वी मी इथल्या नेमबाजीच्या रेंजवर जायला लागले. तासाचे पैसे भरा, बंदूक तिथलीच. माझ्या दुकानात ड्रेस अल्टर करायला येणाऱ्या एका अमेरिकन बाईने माझे कागदी निशाण पाहिले आणि म्हणाली, "माझा रॉयकाका कोलोरॅडोत लोकांना एल्कसाठी दऱ्यांत घेऊन जातो. जाशील?" गंमत म्हणून बोलली असेल बिचारी.

जायचंच असेल त्यांच्यासाठी सांगते. बाहेरच्या माणसाला एल्कचा परवाना साधारण अडीचशे दिनारला पडतो. त्याआधी शिकारीचा सुरक्षा कोर्स लागतो, तो ऑनलाइन होतो. शिकारीचा परवाना असेल तर पाहुण्यालाही तिथे बंदूक हाताळता येते, पण नियम बदलतात, स्वतः खात्री करून घ्या. पाच दिवसांचा वाटाड्या खूप महाग, रॉयने पुतणीकडे बघून निम्म्यात केलं. व्हिसाच्या खिडकीतल्या माणसाने प्रवासाचं कारण विचारलं. "शिकार," म्हटल्यावर त्याने मान वर करून माझा अबाया नीट पाहिला. मग रेंजवरचा कागद मागितला. तो माझ्या पर्समध्येच होता.

तयारी म्हणजे चढ. कुवेतमध्ये सगळ्यात उंच चढ फ्लायओव्हरचा. म्हणून मी पाठीवर दहा किलो तांदूळ बांधून आमच्या बिल्डिंगचे नऊ मजले रोज चढायचे. वॉचमन तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, लिफ्ट चालू है." तिथे शिकाऱ्याने डोक्यावर आणि अंगावर भगभगीत केशरी रंग घालायचा असा नियम आहे, सगळीकडून दिसायला हवा. मी त्याच कापडाचा हिजाब शिवला. रॉय नंतर म्हणाला, त्याच्या टोपीपेक्षा माझंच बरं दिसतं.

आणि सुरी. बकरीईदची सुरी भाईजानांकडे असते, सगळ्या भावांत ती एकच. इकबालने ती मागून आणली, अम्गराला धार लावून घेतली आणि चेक-इनच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून ठेवली.

डेन्व्हरला उतरलो तेव्हा कुवेतच्या अडतीस अंशांतून थेट चार अंशांत. तिथून भाड्याच्या गाडीने पश्चिमेला साडेपाच तास. रस्ता गुळगुळीत, वाटेत हलालचा पत्ता नाही, म्हणून अंडी, ब्रेड आणि मी आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. शेवटचा तासभर मातीचा रस्ता, मग एकदम जमीन दुभंगलेली. लाल खडकाच्या उभ्या भिंती, खाली ओढा, मधे झुडपांची सपाटी. वाळवंटात वीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं आपण दगड पाहिलेत. खोटं असतं ते.

रॉय सत्तरीचा, बारीक, कमी बोलणारा. पहिल्याच संध्याकाळी मी त्याच्याकडून होकायंत्र मागून घेतलं. कुवेतमध्ये आमचा किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, नैर्ऋत्येला, इथे ईशान्येला. मी त्याला अट सांगितली. "नुसत्या गोळीने मेलेलं आमच्या घरात खात नाहीत. जीव असतानाच गळ्यावर सुरी फिरली पाहिजे, देवाचं नाव घेऊन. सुरी माझा नवरा फिरवेल."

"जखमी नराजवळ पळत जाणार तुम्ही?" त्याने विचारलं.

"हो."

"त्याच्या शिंगांना तुमचा धर्म ठाऊक नसतो," तो म्हणाला आणि कॉफी ओतायला लागला.

पहिले दोन दिवस नुसती पायपीट. विरळ हवेत माझे नऊ मजले कामाला आले. इकबालचे आले नाहीत, कारण तो लिफ्टने जायचा. तिसऱ्या दिवशी त्याचा गुडघा सुजला आणि तो तंबूत राहिला. "कायतरी मारलंस तर मना बोलव," म्हणाला. सुरी मी माझ्या कमरेला लावली.

त्याच दुपारी तो दिसला. दरीच्या अगदी कडेला, आकाशाला पाठ लावून. दोन्ही शिंगांना सात-सात फाटे. रॉयचा श्वास मला ऐकू येत होता. "दहा वर्षांत असा पाहिला नाही. मार," तो कुजबुजला.

दुर्बिणीत मला त्याचा खांदा दिसत होता, आणि त्याच्यामागे दोन पावलांवर काही नव्हतं. गोळी लागली की तो खाली जाणार. कड्यावरून पडून मेलेलं जनावर आम्हाला हराम, आणि मी तिथवर पोचेपर्यंत त्यात जीव कुठला उरायला? मी चापावरचं बोट काढलं.

"काय झालं?"

"खाली पडेल. मला खाता येणार नाही."

"बाई, अर्धी दुनिया ओलांडून तू नाही म्हणायला आलीस? लोक त्या डोक्यासाठी आयुष्यभर थांबतात!"

"डोकं कोण खातं?" मी म्हटलं. नर वळला आणि निघून गेला. मला हुंदका आला, खोटं कशाला सांगू. तंबूत इकबालही म्हणाला, "भाईजान हसतील." हसू देत. मी भिंतीवर डोकं टांगायला आले नव्हते. रॉय चौथ्या दिवशी माझ्याशी जेमतेम तीन वाक्यं बोलला.

पाचव्या दिवशी, शेवटच्या सकाळी, ओढ्याकाठच्या सपाटीवर एक नर चरत होता. चार-चार फाट्यांचा, कायद्यात बसणारा, मिरवण्याजोगा मुळीच नाही. चारी बाजूंना सपाट जमीन. रॉयने माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी नुसती मान हलवली. इकबाल चार मैल लांब होता.

मी बिस्मिल्ला म्हटलं आणि चाप ओढला. नर तीसेक पावलं धावला आणि बसला, मग आडवा झाला.

"थांब. अर्धा तास थांबायचं असतं," रॉय ओरडला. मी बंदूक त्याच्या हातात दिली आणि धावले. केशरी हिजाब सुटून मानेवर आला होता, छाती फुटेल असं वाटत होतं. मी नराच्या पाठीच्या बाजूने गेले. तो श्वास घेत होता. डोळा उघडा होता आणि त्यात मी दिसत होते.

लहानपणीचं एक आठवलं. अम्मी आणि चाची कोंबडीचे पाय बांधून ओट्यावर बसायच्या, घरात मर्द नसला की मशिदीतून कोणी येईपर्यंत. सुरी शेजारीच पडलेली असायची. चूल पेटलेली, वाटण वाटलेलं, आणि दोन धडधाकट बायका एका मर्दाची वाट बघतायत.

मी वाट बघितली नाही. डाव्या हाताने शिंग धरलं. तीनशे किलोंचं धूड किब्ल्याकडे वळवणं माझ्याच्याने शक्य नव्हतं, तर मीच ईशान्येला तोंड केलं. "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर." कमरेची सुरी काढली आणि फिरवली. मग मी तिथेच गवतावर बसून रडले. वाईटही वाटत होतं आणि अभिमानही वाटत होता. रॉय आला, त्याने हॅट काढली आणि माझ्यापासून जरा लांब उभा राहिला.

मांस दोन खेचरांवर लादून तळावर आणलं. मी कलेजी आलं-लसूण आणि घरच्या मसाल्यात परतली. इकबालने लंगडत येऊन पातेल्यात डोकावलं.

"सुरी?"

"मी."

तो विस्तवाजवळ बसला. मग त्याने भाकरी मोडली आणि खाल्लं. दुसऱ्यांदा स्वतःच वाढून घेतलं. रॉयने मसाला कुठे मिळतो ते विचारलं, मी त्याला सगळा डबाच देऊन आले. मांस त्याच्या आणि शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. शिंगं नेण्याच्या कागदपत्रांची कटकट बघून ती त्याच्या गोठ्यावर ठोकली. तुम्हाला नेता आली तर बघा, मला गरज वाटली नाही.

परतीच्या विमानात इकबाल म्हणाला, "भाईजानना सांगू, सुरी मी फिरवली. घरात वाद कशाला?" मी खिडकीकडे तोंड केलं. त्याचं उत्तर मी जुम्म्यासाठी राखून ठेवलं.

मिरकाबला जेवण वाढून झालं. भाईजान हसत म्हणाले, "मग इकबाल, सुरी बरी चालली काय?"

इकबालने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "मी नव्हतो तिथे. तिने केलं. मी खाल्लं, दोनदा वाढून घेतलं."

भाईजानांचं हसू गेलं. मी पर्समधून सुरी काढली, टॉवेल सोडला आणि त्यांच्यासमोर दस्तरखानावर ठेवली. "धुतलेली आहे, भाईजान. धार अजून शाबूत आहे."

त्यांनी हात लावला नाही.  मग खैरूनभाभी उठली, तिने सुरी उचलली, अंगठ्याने धार बघितली आणि म्हणाली, "गावाला कोंबडी बांधून निम्मी दुपार बसायचो आम्ही." एवढंच बोलून ती सुरी घेऊन आत गेली. भाईजानांच्या कपाटाकडे नाही, स्वयंपाकघरात.

काय उरलं या सफरीतून, असं लोक विचारतात. फोटो एकच आहे, तोही हललेला. तो सात फाट्यांचा नर अजून त्याच कड्यावर फिरत असेल, आणि मला ते आवडतं. अमेरिकन गिऱ्हाईक दुकानात विचारते, डोकं कुठाय? मी तिला माप घ्यायला उभी करते.

पण मागच्या जुम्म्याचं सांगते. भाभीने मला सकाळीच बोलावलं होतं. ओट्याखाली एक जिवंत कोंबडी होती, पाय बांधलेली, आणि शेजारी सुरी. मर्द सगळे नमाजाला गेलेले. भाभीने बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "तू धर. मी करते."

भाईजान मशिदीतून आले तेव्हा कालवणाचा वास जिन्यापर्यंत गेला होता. धुतलेली सुरी ओट्यावर निथळत होती, त्यांनी ती पाहिली. मग बसले, आणि कोंबडी कोणी कापली हे न विचारता त्यांनी ताट पुढे केलं.